आपलीच तलवार, आपलेच पैसे

गेल्या ऑगस्टमधील गोष्ट. कॉलेजातील पहिला तास संपवून मी प्राध्यापकांच्या खोलीत आलो, तर तेथे चहाच्या कपांपेक्षा आवाजच जास्त तापलेले. टेबलावर त्या दिवशीचे वर्तमानपत्र पसरलेले होते. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईत दाखल झाल्याची बातमी पहिल्याच पानावर होती. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली आणि पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत लोकांना पाहण्यासाठी ठेवली, वगैरे मजकूर त्यात होता.

"काय हो सर," आमचे वाणिज्य विभागाचे प्राध्यापक मला म्हणाले, "आपल्याच घरची वस्तू. ती गेली दुसऱ्याच्या घरी. आणि आता ती घरी आणायला आपणच सत्तेचाळीस लाख रुपये मोजायचे! हा कुठला व्यवहार?"

"मग काय करायला हवे होते?" इतिहासाच्या बाई म्हणाल्या. "लिलावात दुसऱ्या कोणी घेतली असती, म्हणजे ती पुन्हा शंभर वर्षे कोणाच्या तरी दिवाणखान्यात गेली असती."

वाद रंगला. तुम्ही काय म्हणता, असे मला दोघांनीही विचारले. मी मराठी शिकवतो. वादात पडणे हा आमच्या विषयाचा जुनाच धंदा. पण त्या दिवशी मी गप्प बसलो. कारण माझ्या डोळ्यांपुढे लंडन नव्हते, मुंबई नव्हती. किन्हीराजा होते. आणि बाजाराच्या टोकाला, भंगाराच्या ढिगापाशी उभे राहून बंडीच्या खिशातून नोटा मोजणारे माझे मामा होते.

मामांची गोष्ट सांगणारच आहे. पण आधी मोठ्या तलवारीची हकीकत सांगतो, म्हणजे लहान तलवारीची गोष्ट नीट कळेल.

ही तलवार 'फिरंग' जातीची आहे. शब्द मोठा गमतीचा. फ्रँक या युरोपातील लोकांच्या नावापासून अरबी-फारसीच्या वाटेने 'फिरंगी' शब्द आपल्याकडे आला. फिरंग्यांच्या देशातले पाते म्हणून तलवारीचेच नाव 'फिरंग' पडले. हा शब्द मराठीने इतका आपलासा केला, की १६६० साली चाकणचा किल्ला नेटाने लढविणाऱ्या शूर किल्लेदाराचे नावच फिरंगोजी होते. रघुजींच्या तलवारीचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय घडणीचे. मूठ मात्र आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्यावर देवनागरी अक्षरांत सोन्याने कोरलेले धन्याचे नाव: रघुजी भोसले, सेनासाहेब सुभा.

हे 'सेनासाहेब सुभा' पद छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले. रघुजींच्या कर्तृत्वाची पहिली भूमी आपले वऱ्हाडच. पुढे नागपूर ही त्यांची राजधानी झाली. १७४० मध्ये ते कर्नाटकात उतरले, दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नबाब दोस्तअली पडला, आणि १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास त्यांनी कैद केले. मग बंगालच्या स्वाऱ्या. १७४४ मध्ये त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून दग्याने मारले. तरी रघुजींनी पिच्छा सोडला नाही. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि वर्षाला बारा लाख रुपयांची चौथाई पदरात पाडून घेतली. १७५५ मध्ये हा पुरुष गेला.

येथे एक गोष्ट आपण मराठी माणसांनी मोकळ्या मनाने सांगायला हवी. ज्या स्वाऱ्यांचा आपण अभिमान बाळगतो, त्या बंगालात वेगळ्या आठवल्या जातात. तिकडे मुलांना निजविताना 'बर्गी आले' म्हणून भीती घालण्याची जुनी चाल आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपण तलवारीकडे मुठीच्या बाजूने पाहतो; ते बिचारे पात्याच्या बाजूने पाहतात. लुटीचा हिशेब मांडायला बसले, की एकट्या इंग्रजांच्याच खात्यावर रकमा चढवून भागत नाही. म्हणून आपली गेलेली वस्तू परत मागू नये असे नाही. मात्र मागताना आवाज जरा सौम्य असावा, इतकेच.

तलवार गेली कशी? २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले आणि कंपनीची फौज यांची लढाई झाली. भोसल्यांची हार झाली. डिसेंबरात नागपूर पडले आणि पुढल्या वर्षी आप्पासाहेबांची गादी गेली. राज्य शासनाच्या निवेदनात म्हटले आहे, की ही तलवार या काळातील लुटीत गेली असावी, किंवा कोणा इंग्रज अधिकाऱ्यास भेट मिळाली असावी. मात्र भेट म्हटली, तरी हरलेल्याने जिंकलेल्यास दिलेली भेट किती राजीखुशीची असते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

नागपूरच्या घराण्याच्या नशिबी तर दोनदा जाणे होते. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. मग सरकारी हुकमाने राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावास निघाले. जडजवाहीर विक्रीस कलकत्त्याला गेले. ज्या वाड्यातून हे सारे बाहेर पडत होते, त्या वाड्यात म्हाताऱ्या बाकाबाईसाहेब जिवंत होत्या. त्यांनी निषेध केला, पत्रे पाठवली. उपयोग झाला नाही. लंडनचा २०२५ चा लिलाव आपल्याला नवा वाटतो. नागपूरकरांच्या वस्तूंवर हातोडा पडण्याची ही पहिली वेळ नव्हे.

आता वाणिज्यवाल्या सरांच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या वस्तूला आपण पैसे का द्यावे?

याचे उत्तर कायद्यात आहे. देशाबाहेर चोरून नेलेल्या ठेव्यांच्या परतीविषयी युनेस्कोचा करार १९७० साली झाला. आपल्याकडे प्राचीन वस्तूंचा कायदा १९७२ साली झाला आणि १९७६ साली अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा शस्त्र सरकारी परवान्याखेरीज देशाबाहेर नेणे हा त्याने गुन्हा ठरला. पण हे दोन्ही पुढे पाहणारे कायदे. १८१७ साली जे गेले, त्यावर त्यांचा हात पोहोचत नाही. तेव्हा एप्रिलच्या शेवटी लंडनच्या सदबी या लिलावगृहात ही तलवार निघणार असे कळल्यावर राज्य शासनापुढे दोनच वाटा होत्या: हातोडा पडताना नुसते पाहणे, किंवा बोली लावणे. शासनाने एका मध्यस्थामार्फत बोली लावली. सर्व खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये लागले. ११ ऑगस्टला सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनला जाऊन ती ताब्यात घेतली आणि आठवड्याने ती मुंबईस आली.

घरी येण्याच्या आणखीही वाटा असतात. वाघनखे उसनी आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील ही वाघनखे साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे होती. १९ जुलै २०२४ पासून ती साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनास ठेवली, तीन वर्षांच्या बोलीवर. अफजलखानाच्या भेटीतील वाघनखे ती हीच, असे सिद्ध करता येत नाही, हेही त्या म्युझियमने मोकळेपणाने सांगितले आहे.

तिसरी वाट ग्लासगोची. १९ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये सात वस्तूंची मालकी भारतास परत देण्याचा करार झाला. सहा वस्तू उत्तर हिंदुस्थानातील देवळांतल्या. सातवी होती हैदराबादच्या निजामाची तलवार. सापासारखी वळणे घेणारे पाते आणि त्यावर सोन्यात हत्ती-वाघ. १९०३ च्या दिल्ली दरबारात ती मिरवली होती. ग्लासगोकरांनी सांगितलेली हकीकत अशी, की १९०५ साली निजामाच्याच पंतप्रधानाने ती संग्रहातून काढली आणि जनरल आर्चिबाल्ड हंटर याला विकली. पुढे १९७८ साली हंटरच्या पुतण्याने ती म्युझियमला दिली. म्हणजे तेथे परका लुटारू नव्हताच. कुंपणानेच शेत खाल्ले.

ही निजामाची तलवार आपल्या भागाला परकी समजू नका. १८०३ साली अडगावच्या लढाईनंतर देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले आणि निजामाकडे आले. त्याआधी येथे दुहेरी अंमल: वसुलाला भोसल्यांचेही कारकून येत, निजामाचेही. वाशीमचे बालाजी मंदिर बांधणारे भवानी काळू हे नागपूरकर भोसल्यांच्याच चाकरीत वर चढलेले. तेथील मूर्ती औरंगजेबाच्या काळी जमिनीत पुरून ठेवल्या होत्या, जागाच लोक विसरले, आणि पुढे त्या अवचित सापडल्या, असे सांगतात. ठेवा लपवायचा, विसरायचा, आणि पुन्हा सापडला की टाळ-मृदंग वाजवायचे, ही आमच्या मुलखाची जुनी रीत दिसते.

आता किन्हीराजा.

अकोल्याहून पातूरचा घाट चढून मालेगावला यावे आणि तेथून नागपूरच्या रस्त्याला लागावे, म्हणजे किन्हीराजा येते. माझे आजोळ. गावाच्या नावात राजा आहे. मामांच्या घरात राजेपणाची एकच खूण होती, ती म्हणजे एक तलवार. कोणत्या पूर्वजाची, कोणत्या लढाईतली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आजोबा म्हणत, "भोसल्याच्या वक्ताची हाये." पुरावा काही नाही. पात्यावर नाव नाही, सोने नाही. मूठ एकदा तुटली होती, ती गावच्या लोहाराने तांब्याचा खिळा मारून सांधली होती. वर्षभर ती माळ्यावर पडून असे आणि खांडेनवमीला खाली उतरे. तेल, हळदकुंकू, झेंडूची माळ. दसऱ्याला पुन्हा माळ्यावर.

मी दहा वर्षांचा होतो. १९८९ साल असावे. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातच होतो. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलो, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. खांडेनवमीला मामा माळ्यावर चढले, तर तलवार नाही! म्यान होते, तलवार नव्हती. त्या वर्षी मामांनी रिकाम्या म्यानाची पूजा केली. मामी तर म्हणाली, "घरातला मानूसच गेल्यावानी वाटते."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी लोहारबुवा घरी आले. जवळच्या मोठ्या गावच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे त्यांनी ती तलवार पाहिली होती. "माह्या बापाचा खिळा मी वळखनार नाही काय?" ते म्हणाले. मामा तसेच निघाले. माझा हट्ट पाहून मलाही बरोबर घेतले.

फुटक्या घमेल्यांच्या आणि मोडक्या वखरांच्या ढिगात ती पडली होती. मामांनी ती उचलली आणि मांडीवर ठेवली, तापातून उठलेल्या मुलाला घ्यावे तशी.

"तुमचीच कशावरून भाऊ?" भंगारवाल्याने विचारले. प्रश्न रास्त होता. पात्यावर नाव नव्हते.

मामांनी मुठीवरच्या चकतीची खालची बाजू त्याच्याकडे केली. "इथं नख घाल."

त्याने नख घातले. लालपिवळा, दगडासारखा घट्ट झालेला थर नखात आला.

"हे हळदकुंकू हाये," मामा म्हणाले. "माह्या आजीपासूनचं."

भंगारवाला भला माणूस होता. त्याने हात जोडले. पण म्हणाला, "असंल भाऊ. पन म्या पैसे देल्ले त्याचे. फुकट नाही घेतली." मग तो उठला, मामांच्या कानाशी लागला आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आले नाही. मामांचा चेहरा मात्र उतरलेला मी पाहिला. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या आणि दीडशे रुपये मोजले. ते पैसे आमच्या सगळ्या पोरांच्या दिवाळीच्या कपड्यांचे होते, हे मला तेव्हा माहीत होते, आणि म्हणून माझा राग अनावर झाला होता.

परतताना मी विचारले, "मामा, पोलिसांत काहून नाही गेले? चोरीचा माल आपणच इकत घ्यायचा काय?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले तलवार घरी आनाची होती बाप्पा. कोनाचं पोरगं पोलिसात धाडाचं नोतं."

त्या दिवाळीत आम्ही जुनेच कपडे धुऊन घातले. लक्ष्मीपूजनाला पाटावर तलवार होती. गावातली माणसे पाहायला आली. "आपलीच तलवार अन् आपलेच पैसे!" म्हणून काही जण हसलेही. मामा त्यांना चहा पाजत राहिले. कोणी चोरली, हे त्यांनी कोणालाच सांगितले नाही.

प्राध्यापकांच्या खोलीत त्या दिवशी मी गप्प का बसलो, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. थोड्याच दिवसांनी पोळा होता. कित्येक वर्षांनी मी पोळ्याला किन्हीराजाला गेलो. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेले, आभाळ भरलेले, बैलांच्या शिंगांना रंग आणि पाठीवर झुली. मामा आता नाहीत. मामी ऐंशी ओलांडून गेली आहे. घर पाहतो तो माझा एक आतेमामेभाऊबंद म्हणा. तेव्हा शिक्षणासाठी मामांच्या घरी येऊन राहिलेला, पुढे तिथलाच झालेला. रात्री ओसरीवर बसलो असता मी त्याला मुंबईच्या तलवारीची गोष्ट सांगितली. सत्तेचाळीस लाखांचा आकडा ऐकून तो हसला नाही. खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मी वीस रुपयांत इकली होती."

परीक्षेच्या फॉर्मची फी त्याने फिरत्या टॉकीजवर उडवली होती. मागायची हिंमत झाली नाही. माळ्यावरच्या वस्तूची कोणाला आठवण येणार, असे त्याला वाटले. मामांनी त्याला कधीही काही विचारले नाही. पुढल्या वर्षी खांडेनवमीला मात्र तलवार माळ्यावरून काढून सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "पूस रे." बस्स, एवढेच. तेव्हापासून दरवर्षी तोच ती पुसतो. पस्तीस वर्षे झाली.

"हे लिहू का?" मी विचारले.

"लिही ना," तो म्हणाला. "नाव नको टाकू. अन् मामीले वाचून नको दाखवू. तिले अजून ठाव नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलवार खाली काढली. रघुजींची फिरंग दोनशे वर्षांनी ओळखू आली, ती पात्यावर नाव होते म्हणून. आमच्या तलवारीला तेवढी सोन्याची अक्षरे कोठून आणावी? मी एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन गेलो होतो. पात्याची लांबी मोजून लिहिली. मुठीची लांबी लिहिली. तांब्याचा खिळा कोणी मारला ते लिहिले. चारी बाजूंनी छायाचित्रे काढली, ती त्यात चिकटवायची आहेत. ज्यांच्या घरी असे काही जुने असेल, दौत, बखरीची पाने, आजीचा अडकित्ता, त्यांनी या दिवाळीत एवढे जरूर करावे. माळ्यावरच्या वस्तूची नोंद म्हातारी माणसे असतात तोवर त्यांच्या जिभेवर असते. ती गेली, की पाते नुसते लोखंड होते आणि किलोने विकले जाते.

मी लिहीत असताना मामी भिंतीला टेकून बसली होती. भाऊबंद बैल सोडायला गेला, तशी ती हळूच म्हणाली, "काल राती सांगतलं वाट्टे त्यानं तुले?"

मी चमकून पाहिले.

"मले त्याच दिवशी ठाव होतं," ती म्हणाली. "माळ्यावर चढाले पोराइले घडवंची लागे. घडवंची त्याच्याच खोलीत होती. तुह्या मामाले म्या तवाच म्हनलं. ते म्हने, पोरगं सांगीन तवा सांगीन. आपन काहून इचाराचं?"

ती उठून चुलीकडे गेली. माझ्यासमोर वही उघडी होती. लांबी, वजन, खूण, डागडुजी, सगळे रकाने भरले होते. 'गहाळ झाल्याची हकीकत' असाही एक रकाना मी आखला होता. त्यात फक्त साल लिहिले, १९८९. पुढच्या ओळीत 'परत आली, दिवाळीपूर्वी' एवढे लिहिले, आणि बाकीचा रकाना तसाच कोरा ठेवून वही मामीच्या देवघरातल्या फडताळात ठेवून आलो.